पिक्चरचं चूलबंद आवतन

माझ्या भावाचा पिक्चर आमच्याच गावात, जालन्यात, थेटरात लागला होता आणि तिथं तो एकाही माणसानं बघितला नाही. असं सांगितलं की लोक हसतात. हसू द्या. मला अजून त्याचं पुरतं हसू येत नाही.

भाऊ माझ्याहून धाकटा. वडील गेल्यावर आई त्याच्याकडंच राहायची आणि मी चार गल्ल्या सोडून, त्यामुळं दोन्ही घरातलं काहीच एकमेकांपासून लपायचं नाही. त्याला लहानपणापासून सिनेमाचं वेड. इंजिनिअरिंगला घातला तर अर्ध्यात सोडून पुण्याला गेला, कोणाकोणाच्या हाताखाली लायटी उचलल्या, आणि एक दिवस घरी येऊन म्हणाला, "आई, मी पिक्चर काढून राह्यलो." आई चहा गाळत होती. "कशावर?" तिनं विचारलं. "एका बाईची म्हैस हरवती." "मंग?" "मंग ती दिवसभर हुडकती." "आन् मंग?" "मंग काय, संपला." मी कपाळावर हात मारून घेतला. म्हणलं, वा रे पठ्ठ्या, यासाठी तू पुण्याला गेल्ता? म्हशी इथं काय कमी होत्या?

पण आईला ती गोष्ट पटली. तिचं माहेर राजूरजवळचं. म्हैस हरवणं म्हणजे काय असतं हे तिला मला सांगावं लागलं, भावाला नाही. ती चहाची गाळणी हातात धरून तशीच उभी राहिली आणि म्हणाली, "सापडती का न्हाई शेवटी?"

"ते थेटरात बघ," भाऊ हसून म्हणाला.

शूटिंग राजूरकडंच झालं, आईच्या भावाच्या म्हणजे माझ्या मामाच्या शेतात. मेन काम करणारी बाई पुण्याची, नाटकातली. बाकी सगळी आपली माणसं, आपलीच बोली. बाई गुणी होती, खोटं कशाला बोलू? शेण काढायला शिकली, डोक्यावर भारा घेऊन बांधावरून चालायला शिकली. पण म्हशीला हाक मारायची म्हणलं की गाडी अडायची. तिसऱ्या मजल्यावरून खालच्या पोराला जेवायला बोलवावं, तशी ती म्हशीला बोलवायची. दोन दिवस झाले, हाक काही जमेना. आई त्या दिवशी सगळ्यांच्या भाकरी घेऊन आल्ती. ती म्हणाली, "सरक गं बाई जरा," आणि बांधावर जाऊन उभी राहिली, पदर कमरेला खोचला आणि हाक मारली. "येऽऽ, ये गं मायऽऽ, येऽऽ." पलीकडच्या शेतातल्या एका खऱ्याच म्हशीनं मान वर केली आणि ती चालायला लागली. आवाज धरणारा माणूस माइक घेऊन आईच्या मागं धावला. त्यामुळं झालं असं, की पिक्चरभर तोंड त्या बाईचं आहे आणि हाक माझ्या आईची आहे.

पिक्चर तयार झाला. मग सुरू झाली वणवण. मुंबईच्या एका साहेबांनी बघितला आणि म्हणाले, भाषा जरा साफ करून घेता येईल का? भावानं मला हे फोनवर सांगितलं तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. साफ म्हणजे काय? आम्ही काय तोंडात माती धरून बोलतो का? मोबाइलवर पिक्चर दाखवणाऱ्या एका कंपनीनं विचारलं, यात ओळखीचं तोंड कोणतं? पुण्याच्या एका महोत्सवात एकदा दाखवला, लोकांनी टाळ्या वाजवल्या म्हणे. तेव्हा आईला चल म्हणलं तर ती म्हणाली, "मला न्हाई यायचं पुण्याला. आपल्या गावात लागंल तव्हा बघीन. माझी माणसं नकोत का संगं?" भावानं लॅपटॉपवर दाखवतो म्हणलं, तर तिनं त्याच्याकडं असं बघितलं की विचारू नका. "पिक्चर काय मांडीवर घेऊन बघायचा आसतो व्हय रे?"

तिचंही बरोबरच होतं. तिनं लग्न होऊन आल्यावर जालन्याच्या जुन्या टॉकीजमध्ये पिक्चर बघितलेले. बायकांचं वेगळं दार, आत बाकडी, रडायचं तर सगळ्या मिळून रडायचं. पिक्चर ही तिच्या लेखी माणसांत बसून करायची गोष्ट होती. मी मात्र लॅपटॉपवर बघितला होता. शेवट मला माहीत होता. आई कधी कधी माझ्या तोंडाकडं बघायची, पण विचारायची नाही. विचारलं असतं तर काय सांगितलं असतं, मला माहीत नाही.

शेवटी एकदाचा आमच्या गावातल्या मल्टिप्लेक्सवाल्यांनी होकार दिला. एकच शो, शुक्रवारी सकाळी दहाला, सगळ्यांत छोट्या पडद्यावर. हे मल्टिप्लेक्स उघडलं तेव्हा अर्धं जालना नुसतं सरकत्या जिन्यावर चढायला गेल्तं. बायका साडी सावरून पायरीवर पाय ठेवायच्या आणि वर पोचल्यावर एकमेकींना शाबासकी द्यायच्या. भावाच्या वेळेपर्यंत ती सगळी हवा गेली होती. एकच मोठा हिंदी पिक्चर सगळ्या पडद्यांवर, प्रत्येक दाराशी त्याच हिरोचं तेच थोबाड. भावाचं पोस्टर पिण्याच्या पाण्याच्या मशीनमागं लावलेलं. पाणी प्यायला वाकलं की दिसायचं. मी मॅनेजरला म्हणलं, अहो, हे काय? तो बिचारा भला माणूस होता. म्हणाला, "मॅडम, माझ्या हातात एवढंच आहे. तुम्ही शुक्रवारी लोक आणा. लोक दिसले की शनिवार-रविवारचा शो मी वरून मागून घेतो."

भावानं घरी येऊन हे आईला सांगितलं. आई म्हणाली, "लोकच आणायचे ना? मंग ते माझ्यावर सोड."

आणि तिनं चूलबंद आवतन द्यायचं ठरवलं.

आमच्याकडं आवतन दोन तऱ्हेचं. घरटी एक माणूस या, असं एक. आणि चूलबंद एक. चूलबंद म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरात चूलच पेटवायची नाही, म्हाताऱ्यांपासून पाळण्यातल्या लेकरापर्यंत सगळ्यांनी आमच्याकडं यायचं, जेवायचं. आता घरोघर गॅस आहे, चूल कोणाच्या घरात राहिली? पण शब्द राहिला आहे, आणि शब्दाचा मानही राहिला आहे. आई कुंकवाचा करंडा घेऊन दारोदार फिरली. वडील गेले तरी तिनं दुसऱ्यांना कुंकू लावायचं सोडलं नव्हतं, कोणी नावं ठेवली तरी ती जुमानायची नाही. कॉलनीत गेली, राजूरला जाऊन आली, मी बदनापूरच्या शाळेत शिकवते तर माझ्या शाळेतसुद्धा येऊन गेली, स्टाफरूममध्ये प्रत्येकीला कुंकू लावलं. "पोराचा पिक्चर हाय. शुक्रवारी दहाला. चूलबंद आवतन हाय बरं का." घरासमोरच्या मोकळ्या प्लॉटवर मांडव टाकला, आचारी बोलावला. पुरी, बटाट्याची भाजी, वरण-भात, बुंदी. दहाला पिक्चर, मग जेवण. आईच्या तोंडावर असा आनंद मी माझ्या लग्नातसुद्धा बघितला नव्हता. तेव्हा तर ती रडूनच राह्यली होती.

शुक्रवारी आम्ही तिघं वेळेच्या आधीच जाऊन बसलो. आईनं ठेवणीतली मोरपंखी साडी नेसली होती. हातात कुंकवाचा करंडा, येणाऱ्या बायकांना दारात कुंकू लावायचं म्हणून. भावानं आमची तीन तिकिटं काढली होती आणि ती तो सारखी खिशातून काढून बघत होता. समोर पॉपकॉर्नचा काचेचा डबा, त्यामागं जांभया देणारी दोन माणसं. बाकी सगळं सामसूम.

दहा वाजत आले. मॅनेजर आला. "दादा, बुकिंग तीनच दाखवून राह्यलं."

"येतील," भाऊ म्हणाला.

मी फोन घेऊन खाली पळाले. वर रेंज नव्हती. राजूरला मामाला लावला. मामा म्हणाला, "निघून राह्यलो, निघून राह्यलो!" आणि मागं बादलीत पाणी पडल्याचा आवाज. बदनापूरच्या मैत्रिणीला लावला. "हे काय, निघूनच राह्यलो की आम्ही." कॉलनीतल्या काकूंना लावला, त्यांचंही तेच. आता बघा, आमच्याकडं माणूस निघून राह्यलो म्हणाला की तो अजून अंघोळीला बसलेला असतो. हे जन्मापासून ठाऊक आहे मला. लग्नपत्रिकेवर साडेबाराचा मुहूर्त छापला की लोक दीडला निघतात, आणि दोनला अक्षता पडतात, आणि कोणाला त्यात काही चुकलं असं वाटत नाही. आवतन दिलं की आवतनाच्या हिशोबानंच लोक येणार ना. आईनं दिलं ते आवतनच होतं, शोची वेळ नव्हती. पण हे तेव्हा कोणाच्या डोक्यात आलं? माझ्याही नाही आलं, भावाच्याही नाही.

मी वर आले तोपर्यंत खेळ आटोपला होता. मॅनेजर हात जोडून भावासमोर उभा होता. मी म्हणलं, "काय झालं? सगळ्या खुर्च्या माझ्या नावावर लावा, काय खर्च होईल तो होऊ द्या." तो म्हणाला, "मॅडम, तीन तिकिटांवर शो चालवता येत नाही, तरी मी पंधरा मिनिटं थांबवलं. आता शो सिस्टीममधून निघाला. ती स्क्रीन दुसऱ्या पिक्चरला गेली." दुसरा पिक्चर म्हणजे तोच, थोबाडवाला. मी दार उघडून आत बघितलं. आत कॉलेजची आठ-दहा पोरं, एकमेकांच्या खुर्च्यांवर पाय टाकून बसलेली. बाकी सगळं रिकामं. पण त्या रिकाम्या खुर्च्यासुद्धा आता त्याच्याच होत्या.

आई सोफ्यावर बसली होती. तिला वाटलं, थोडा उशीर आहे. कोणी तिला सांगितलंच नाही, सांगायचं कसं?

आणि मग लोक यायला लागले. आधी राजूरची जीप, मग दुसरी जीप, मग बदनापूरच्या माझ्या शाळेतल्या सगळ्या जणी नवऱ्या-पोरांसकट, मग अख्खी कॉलनी. सरकता जिना माणसांनी भरून गेला. बायका साड्या सावरत वर येत होत्या आणि आई उठून एकेकीला कुंकू लावत होती. पॉपकॉर्नवाली दोन माणसं ताठ उभी राहिली. त्या जागेत एवढी माणसं मी उद्घाटनानंतर पहिल्यांदा बघितली. मॅनेजरच्या तोंडचं पाणी पळालं. मला म्हणाला, "अहो मॅडम, एवढे लोक येणार होते तर कोणीच तिकीट कसं नाही काढलं?"

मामा शेजारीच उभा होता. त्याला खरंच समजेना. "तिकीट?" तो म्हणाला. "आवतन हाय की साहेब. आवतनाला कोनी तिकीट काढतं का?"

त्यावर मॅनेजर म्हणाला, उद्या बघतो. उद्याचं वरून कळलं, तीनच तिकिटं गेलेला पिक्चर पुन्हा लावता येत नाही. वरच्या माणसाला सरकता जिना दिसत नव्हता, त्याला फक्त तीन हा आकडा दिसत होता.

बातमी हळूहळू सगळ्यांना कळली. पण चूलबंद आवतन होतं, माणसं उपाशी आलेली, आणि मांडवात पुऱ्या तळून राह्यले होते. सगळे जेवले. पोटभर जेवले, बुंदी दोनदा मागितली. आणि जाताना काय केलं असेल? मामानं भावाला खुर्चीवर बसवलं, कुंकू लावलं, टॉवेल-टोपी केली. मग दुसऱ्यानं केली. मग तिसऱ्यानं. "लई भारी काम केलं बरं का," म्हणाले. "गावाचं नाव काढलं." एकानंही पिक्चर बघितला नव्हता. भाऊ डोक्यावर एकावर एक टोप्या घेऊन, मांडीवर टॉवेलचा ढीग घेऊन बसला होता आणि सगळ्यांना हो हो म्हणत होता. मला तिथं उभं राहवेना. मी आचाऱ्यावर उगाच खेकसले, बुंदीत वेलची का घातली नाही म्हणून.

त्या दिवसापासून आईनं एकच धरलं, "माझ्या आवतनानं पोराचा पिक्चर बुडाला." किती समजावलं. भाऊ म्हणायचा, तसं काही न्हाई आई. मी तर तिच्यावर ओरडायचे. म्हणायचे, तुझ्या आवतनानं कसा बुडंल? त्या हिंदीवाल्याला सकाळी नाही आलं तर दुपारचा शो होता, दुपारचा चुकला तर संध्याकाळचा. उशीर करणाऱ्याला पण त्याच्याकडं जागा होती. आपल्याला दुसरा शोच नव्हता, तो दहालाच लागायचा होता आणि दहालाच मरायचा होता. आई ऐकून घ्यायची आणि परत तेच म्हणायची. एकदा मात्र तिनं वेगळंच विचारलं. भाऊ जेवत होता. "सांग ना रे आता तरी. सापडती का ती?"

भावानं ताटातून मान वर केली नाही. उठला, कपाटातून पेन ड्राइव्ह आणला आणि तिच्या हातात दिला. "हे घे. तुझा पिक्चर. टीव्हीला लाव आन् बघ."

तिनं टीव्हीला लावला नाही. देवघरात नेऊन ठेवला, अन्नपूर्णेच्या बाजूला. रोज पूजा करताना त्यालाही कुंकू लावायची. मी एकदा म्हणलं, अगं खराब होईल ते. ती म्हणाली, "व्हऊ दे. थेटरात लागंल तव्हाच बघीन. माझी माणसं घेऊन."

भावानं सिनेमाचं नावच सोडलं. बियाण्याच्या एका कंपनीत लागला, त्यांच्या जाहिराती बनवतो. कपाशीची बोंडं, मिरची, हसणारे शेतकरी. पगार बराबर वेळेवर येतो. कोणी विचारलं, काय मग, पिक्चर काय म्हणतो? तर तो म्हणायचा, कोणता पिक्चर? मला त्याचा राग यायचा आणि मग रागाचाच राग यायचा.

मी रोज बदनापूरला जाताना स्टेशनच्या वाटेवर ते मल्टिप्लेक्स लागायचं. ते माझ्या डोळ्यांदेखत वाळत गेलं. आधी सकाळचे शो गेले. मग सरकता जिना बंद पडला आणि लोक साध्या जिन्यासारखे त्यावरून चालत जायला लागले. मग लॉकडाऊन आला, दार लागलं. नंतर उघडलं, पण माणसांना घरी मोबाइलवर बघायची सवय लागून गेली होती. मोठा पिक्चर आला की दोन दिवस गर्दी, मग पुन्हा सगळं सुनसान. एकेक पडदा बंद झाला आणि एक दिवस वरचा बोर्डच उतरवला. मला वाटलं होतं, मला बरं वाटेल. बिलकुल नाही वाटलं. घरी येऊन सांगितलं तर आई म्हणाली, "आता कुठं लागंल मंग आपला?"

पुढं तिथं मंगल कार्यालय झालं. एसी हॉल. खुर्च्या काढल्या, उताराची जमीन सपाट केली, दोन पडद्यांमधली भिंत पाडून एक हॉल केला. एक पडदा मात्र मालकानं तसाच ठेवला. नवरदेव-नवरीचे लग्नाआधी काढलेले फोटो-बिटो त्यावर दाखवतात, लोकांना आवडतं. माझ्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा पोराकडच्यांनी तोच हॉल सुचवला. मी साफ सांगितलं, तिथं नको. दुसरं कोणतंही कार्यालय बघा. आई कोपऱ्यात शेंगा सोलत बसली होती. ती म्हणाली, "पडदा हाय म्हणतेस ना अजून? मंग तिथंच करा."

मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं. पण मुलीचं लग्न म्हणजे डोकं कुठं जागेवर असतं?

लग्नाच्या दिवशी आई नेहमीपेक्षा लवकर हॉलवर गेली, तीच मोरपंखी साडी नेसून. भाऊ मुलीचा मामा, मानाचा माणूस, तो बाहेर दाराशी पाहुण्यांच्या पाया पडत होता. आत मोजकेच लोक. नवरदेवाची मिरवणूक मारुतीच्या देवळापासून निघालेली, पुढं डीजे, पोरं नाचून राह्यली, एकेका चौकात अर्धा अर्धा तास. मुहूर्त केव्हाच टळला होता आणि गुरुजी नुसते घड्याळ बघत होते. मी मुलीच्या खोलीत होते. तेवढ्यात हॉलमधून आवाज आला.

"येऽऽ, ये गं मायऽऽ, येऽऽ."

मी बाहेर पळाले. हॉलमधले दिवे मालवलेले. पडद्यावर राजूरकडचं शेत, पहाट, आणि मोकळा दोर हातात घेऊन उभी असलेली बाई. पडदा चालवणाऱ्या माणसाजवळ जाऊन विचारलं, तर तो म्हणाला, "आजीनं दिलं ना पेन ड्राइव्ह. म्हणाल्या नवरदेव येईस्तोर हे लाव. मला वाटलं नवरीचा व्हिडिओ हाय." पेन ड्राइव्हवर कुंकवाचे थर.

आई पहिल्या रांगेत बसली होती. मी तिच्या शेजारी जाऊन बसले. ती माझ्याकडं बघेना. मागून लोक येत होते, आवतनाच्या हिशोबानं, आपल्या वेळेनं, आणि अंधारात चाचपत खुर्च्या धरत होते. कोणी विचारत होतं, काय हाय हे? कोणी सांगत होतं, गप, म्हैस हरवली तिची. राजूरच्या बायका आल्या. त्यांनी आईची हाक ओळखली. "अगं बाई, ही तर आक्काची हाक!" हॉल भरत गेला. नवरदेव जितका उशीर करत होता तितका पिक्चर पुढं जात होता. मी जन्मात पहिल्यांदा डीजेवाल्याला मनातल्या मनात म्हणलं, वाजव बाबा, अजून वाजव.

भाऊ आत आला तेव्हा पडद्यावर दुपार झाली होती. हाक ऐकून आल्ता तो. दाराशीच उभा राहिला. फेटा डोक्यावर, हातात कोणाच्या तरी अक्षतांचा पुडा. पुढंही आला नाही, बाहेरही गेला नाही.

आणि मग बाहेर फटाके वाजले. मिरवणूक दारात आली. सगळीकडून हाका, नवरीची आई कुठंय, ओवाळायला चला, आरतीचं ताट घ्या. कोणीतरी ताट माझ्या हातात दिलं, निरांजन पेटवलेलं. गुरुजी ओरडले, आता तरी लाईट लावा. मी उठायला लागले. आईनं माझा पदर धरला.

"थांब जरा," ती म्हणाली. "म्हैस सापडू दे."

मला माहीत होतं, ती सापडत नाही. पण मी खाली बसले. ताट मांडीवर धरून बसले. दिवे लावायला निघालेल्या माणसाला मामानं हात धरून थांबवलं. बाहेर नवरदेव आणि त्याची सगळी माणसं दारात उभी राहिली, डीजेवाल्यालाही कोणीतरी गप केलं. त्या पिक्चरसाठी एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी थांबलं होतं.

पडद्यावर दिवस मावळला. बाई घरी आली. दावणीशी मोकळा दोर बांधला, आणि म्हैस नसलेल्या जागी रोजच्यासारखी वैरण टाकली. मग दारात येऊन अंधाराकडं तोंड करून तिनं आणखी एकदा हाक मारली, माझ्या आईच्या आवाजात. पिक्चर संपला. दिवे लागले. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, सगळे डोळे चोळत एकमेकांकडं बघत होते. आईच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं तिला सुचत नव्हतं. भाऊ दारातून चालत आला आणि तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"न्हाई सापडली," आई म्हणाली.

"न्हाई, आई."

आईनं पदरानं तोंड पुसलं. "मंग हुडकून राह्यली आसंल ना अजून ती." मग तिनं त्याच्याकडं नीट बघितलं. "तू काहून थांबला मंग?"

तेवढ्यात गुरुजींनी पुकारा केला, मुलीच्या मामानं नवरीला घेऊन यावं. भाऊ डोळे पुसत आत गेला, आणि मी ताट घेऊन दाराकडं निघाले.